दाभणाची भोकं

शेवटच्या सहा ओळींतल्या केळी माना टाकून उभ्या होत्या, पुढच्या ओळींत चिखल, आणि विहिरीत मोटर नुसती हवा ओढत होती. मालक, म्हणजे माझा नवरा, बांधावर बसले होते. त्यांच्या मुंडाशात दाभण खोचलेलं पाहिलं तेव्हाच मला कळलं.

मी बहिणीच्या घरच्या लग्नाला चार दिवस धरणगावला गेले होते. तेवढ्यात या माणसाने ठिबकच्या नळ्यांची बारीक भोकं दाभणाने मोठी केली होती. ठिबक आमच्याकडे नवीन होतं. थेंब पडताना पाहून त्यांना आधीपासूनच लाज वाटायची.

"थेंब थेंब पानी चिडी पेस. ही केळ शे," ते म्हणाले. चिडी म्हणजे चिमणी.

"मंग पाट-तांब्या बी मांडा तिले," मी म्हटलं.

मोठ्या भोकांतून सगळं पाणी पुढच्या आठ ओळींनी पिऊन टाकलं. मागच्या ओळींपर्यंत पोचलंच नाही. वैशाख चालू होता. विहिरीत दिवसभरात जमायचं ते तासाभराच्या मोटरीपुरतं. घरात वर्षभर खायला लागायचं ते याच बागेतून.

पराटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, काड्या विळ्याने तासून मी एकेका भोकात खुंटी मारली. काडी भिजली की फुगते आणि घट्ट बसते. खुंटीशेजारी बारीक सुईने नवं भोक पाडलं. सुई मी मालकांच्या हाती दिली नाही. सगळं करायला दोन दिवस लागले, माझी कंबर गेली.

तरी पाणी चौदा ओळींना पुरणार नव्हतं. मागच्या सहा तोडायच्या ठरवल्या, तर सासूबाई आडव्या आल्या. त्या ओळी निसवल्या होत्या, म्हणजे घड बाहेर पडत होते. आमच्यात निसवलेल्या केळीला विळा लावत नाहीत.

"निसवेल केळ म्हंजे पोटुशी बाई. तुना हात धजस कसा?"

"तुम्ही पानी आना तिले, आत्याबाई. मी विळा ठेवस."

सासूबाईंनी खरोखर कळशी उचलली. तिसऱ्या खेपेला केळीखालीच बसल्या आणि म्हणाल्या, "तोड. पन मी तोंड फिरवस."

मी तोडल्या. मालक गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत बसले. बैल तरी ऐकून घेतो. पाप लागायचं तर मला लागलं असेल, अजून तरी दिसलं नाही. तोडलेली पानं आणि खुंट चिरून मी उरलेल्या ओळींच्या बुडाशी अंथरले. त्याखालची माती दुपारीही ओली राहायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं; एवढा पाला दुसरीकडे फेकायचा कंटाळा आला होता.

पुढे मालक पाहुण्यांना तो पाला दाखवून म्हणायचे, "ही आमची पद्धत."

आठ ओळी जगल्या. सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या, मालक वीस. मी अजून आहे.