तिच्या रांगेत मी नव्हतो

माझ्या बायकोला बरं मी केलं नाही, हे आधीच लिहून टाकतो. भंतेजींनी केलं. त्याचा जळफळाट मला तेव्हा होता आणि ती गेली तरी आहे.

मी सायकलरिक्षा चालवायचो, सदरच्या चौकात उभा राहायचो. ती घरी विड्या वळायची. आमचं लेकरू सहा महिन्यांचं होऊन गेलं आणि त्यानंतर तिचा जीव घाबरा व्हायला लागला. तंबाखूचं सूप मांडीवर, पान हातात, अन् हात लटलट कापायचे. "मले धरा जी, मी चालली," म्हणायची. दवाखान्याच्या गोळ्यांनी नुसती झोपून राहायची. मला एकच इलाज सापडला होता. संध्याकाळी तिला रिक्षात बसवायचं, टप खाली करायचा आणि शुक्रवारी नावाच्या तलावाला चक्कर मारायची. वारा लागला की ती निवायची. दिवसभर सवाऱ्या ओढून माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे, पण मागून तिचा श्वास लांब झालेला ऐकू आला की वाटायचं, हे आपल्याशिवाय कोणाच्यानं होणार नाही. दोन वर्षं असं चाललं.

मग एका पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात वर्षावासाला एक भंतेजी आले. तीन महिने मुक्काम, आणि पुढं दर पावसाळ्याला तेच यायचे. छप्पन साली दीक्षा आम्ही दोघांनीही घेतली होती, पण आमचा धम्म म्हणजे पंचशील म्हणायचं आणि जयंतीला निळा झेंडा घेऊन निघायचं. डोळे मिटून बसायचं असतं, हे आम्हाला कुठं ठाऊक? भंतेजींना स्टेशनवरून आणायला रिक्षा माझीच गेली. म्हणजे माझी सवत मीच ओढत घरी आणली.

माणूस माझ्याहून लहान, किडकिडीत. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की नाकाशी श्वास येतो जातो, तो पाहा, घाबरं झालं तर घाबरं झालं असं पाहा, पळू नका. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा तिचे हात कापायचे थांबले होते.

एका संध्याकाळी मी रिक्षाची गादी पुसून दारात उभा राहिलो. "चाल वं, चक्कर मारू."

"आता काहून जी? मी बरी आहो ना. तुमीच बसा घटकाभर, थकले असान."

मी रिकामी रिक्षा घेऊन तलावाला गेलो. बायको बरी झाली म्हणून माणूस खूश होतो. मी झालो नाही.

रोज पहाटे ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि शेवटी मैत्रीभावना करायची. एकेक माणूस मनासमोर बसवायचा आणि म्हणायचं, सुखी होवो. आधी स्वतः, मग जिवाभावाचं कोणी, मग ना देणं ना घेणं असा एखादा, आणि चौथा, ज्याच्यावर आपला राग आहे तो. ती पुटपुटायची. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचो. दुसऱ्या जागेवर तिची मोठी बहीण. तिसऱ्यावर दूधवाला. चौथ्यावर विडीच्या कारखान्यातला मुकादम, जो चांगल्या विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. कधी नळावर भांडणारी शेजारीण. मी माझ्या पाळीची वाट पाहायचो. महिने गेले, पाळी आली नाही. रागाच्या जागेवर तरी बसवायचं होतं!

एक दिवस जेवताना मी तोंड उघडलं.

"तुह्या त्या रांगेत मी कुठं आहो?"

"कोणत्या रांगेत?"

"पहाटच्या. दूधवाला आहे. तो चोर मुकादम आहे. मी काहून नाही?"

ती हसली. "चोरून आयकता काय जी? लाज नाही वाटत?"

"मी तुहा नवरा आहो का नाही?"

"म्हणूनच नाही," ती म्हणाली आणि ताटात वरण वाढलं.

त्या दोन शब्दांवर मी कित्येक वर्षं जळलो. अर्थ विचारला नाही. विचारायला खाली वाकावं लागतं.

पुढच्या पौर्णिमेला मी जे केलं ते सांगतो. त्या दिवशी बायका अष्टशील घेतात, पांढरं लुगडं नेसतात, दुपारनंतर जेवत नाहीत. मी तिचं पांढरं लुगडं रिक्षाच्या गादीखाली लपवलं. तिनं घर धुंडाळलं आणि शेवटी हिरवं नेसून गेली. मी विहाराच्या बाहेर उभा होतो. एक बाई म्हणाली, "काय वं, आज नवरी बनून आली काय?" साऱ्या हसल्या. मला गोड वाटलं.

संध्याकाळी लुगडं काढलं तर साखळीच्या तेलाचा तळहाताएवढा डाग. तसंच तिच्यापुढं टाकलं. आता ही भांडेल, भंतेजींचं नाव घेऊन मी चार शिव्या देईन, असं माझं ठरलं होतं. तिनं डाग पाहिला, मला पाहिलं, एक श्वास डोळे मिटले आणि सोड्याच्या पाण्यात लुगडं भिजत घातलं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. डाग पिवळा होऊन राहिलाच. तो आतल्या निरीत जाईल असं ती नेसायची, शेवटपर्यंत.

पुढं तिला कावीळ झाली. दवाखान्यात खाटेवर पडून श्वास पाहायची. मी बाजूला उभा. "बोल ना वं काही."

"आहो ना जी मी."

'मले धरा' असं ती एकदाही म्हणाली नाही. मी वाट पाहत होतो. तिचा श्वास लांब लांब होत गेला, तलावाच्या चकरेत व्हायचा तसा, आणि गेली.

तिच्या मरणानंतरच्या जलदान विधीला तेच भंतेजी आले. लोक उठून गेल्यावर मी विचारलं, "भंतेजी, माझ्या बायकोनं साऱ्यांचं भलं चिंतलं. माझं काहून नाही?"

"तिनं सांगितलं नाही तुम्हाला?" ते म्हणाले. "तो नियम माझा होता. ज्याच्या आठवणीनं ओढ उसळते, त्याला सुरुवातीला घ्यायचं नाही. बायकोनं नवऱ्याला नाही, नवऱ्यानं बायकोला नाही. मन मैत्रीत राहत नाही, संसारात धावतं."

"सुरुवातीले म्हणजे किती वर्षं?"

"ती दर वर्षावासात तुमच्याबद्दल विचारायची, 'भंतेजी, यंदा याईले घेऊ काय?' मी विचारायचो, अजून आठवण आली की काय होतं? ती म्हणायची, 'रिक्षा दिसते, तलाव दिसते.' मी म्हणायचो, मग थांबा."

हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या मागोमाग आतून आग उठली. हे ती यांना सांगत होती! मला वरण वाढत होती!

"मले शिकवा," मी म्हटलं. "दुसऱ्या जागेवर मी तिलेच बसवतो."

"गेलेल्या माणसालाही घेत नाहीत, बाबा. मैत्री बाजूला राहते, शोक उभा राहतो."

"म्हणजे होती तेव्हा बायको म्हणून नाही, आता मेली म्हणून नाही?"

भंतेजींनी मला समोर बसवलं आणि नाकाशी श्वास पाहायला सांगितलं.

आता मी बसतो. तिच्याच भिंतीकडे तोंड करून, ते डागाचं लुगडं घडी घालून खाली घेतो. श्वास कमी दिसतो, गुडघेच जास्त दिसतात. 'मी सुखी होवो' हे म्हणायला जीभ उचलत नव्हती, त्यात दोन महिने गेले. दुसऱ्या जागेवर चौकातला माझा जुना रिक्षावाला सोबती घेतो. तिसऱ्यावर दूधवाल्याचा पोरगा. तिला मी घेत नाही, नियम पाळतो. ती आपसूक मागच्या सीटवर येऊन बसते. मी वळून पाहत नाही. रिक्षा चालवताना मागं कुठं पाहतो आपण?

वर्षावासातल्या पौर्णिमेला भंतेजी विचारतात, "बाबा, कुठपर्यंत आलं?"

"चौथ्यापाशी अडलो."

"अजून तिथंच? कोण आहे तो चौथा?"

"तुमीच," मी म्हणतो.