म्हशीला शिकवलेलं तमिळ

आमच्या विटा भागात जावाजावांत धुसफूस असली की लोक समजतात, वाटणीवरून असणार. माझं जावेशी कधी भांडण झालं नाही. मी नुसती जळायचे, आणि तेही भाषेवरून.

माझा नवरा आणि धाकटा दीर मदुराईत गलाईचं दुकान चालवायचे. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या परमुलखात हेच करतो. दुकानावर एकच खोली होती. नवरा खाली दुकानातच झोपायचा. त्यामुळं दोघींपैकी एकीनं तिकडं रांधायला जायचं आणि दुसरीनं इथं सासू नि म्हैस सांभाळायची, असं ठरलं. थोरली म्हणून जायचा मान माझा होता. पण जाऊ धारेला बसली आणि पहिल्याच दिवशी लाथ खाऊन उठली. म्हशीला माझ्याच हाताची सवय. झालं! जिला काही येत नव्हतं ती मदुराईला गेली आणि मी गुणाची म्हणून गोठ्यात राहिले.

नवरा दर यात्रेला यायचा आणि जाताना म्हणायचा, "पुढच्या यात्रेला तुला नेतोच बघ."

मी ते खरं धरायचे. यात्रा जवळ आली की माझी लाल बॅग माळ्यावरून उतरायची, पुसून उन्हात ठेवली जायची आणि यात्रा सरली की पुन्हा माळ्यावर. कधी सासूचा गुडघा, कधी म्हैस गाभण, कधी दुकानात कामाची गर्दी. कारण दर वेळी खरंच असायचं, म्हणून तर भांडताही यायचं नाही.

जाऊ यायची ती वेणीभर मोगरा माळून. त्याचं मला फारसं काही नव्हतं. पण आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. जाऊही माझ्या नवऱ्याशी मराठीत बोलायची नाही, पदर पुढं ओढून भिंतीकडं बघायची. तमिळमध्ये मात्र तिचं बिनघोर चालायचं. ती दोन शब्द टाकायची, नवरा हसायचा, दीर हसायचा. मी भाकरी घेऊन मधे उभी. काय झालं म्हणून विचारलं की नवरा म्हणायचा, "काय न्हाई गं, तिकडचं हाय."

तिकडचं! त्यांच्यात वावगं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. वावगं असतं तर निदान बोंब तरी मारता आली असती.

मागच्या वर्षी जावेला दिवस गेले. बाळंतपण इथंच करायचं ठरलं, म्हणजे ती राहणार आणि मी जाणार. नवरा फोनवर म्हणाला, "आता तुझाच नंबर." मी तयारीला लागले. सासूला माझी जुनी साडी नेसवून म्हशीखाली बसवलं. म्हशीनं मान वळवून हुंगलं. संशय आला असावा, पण धार दिली.

सासू म्हणाली, "माझ्यापरीस तुज्या साडीला लय किंमत हाय की गं!"

तमिळ मी मोबाईलवर बघून शिकले, गोठ्यात, चोरून. ऐकायला म्हैस. "नगरु" म्हणजे सरक. थोड्याच दिवसांत मी "नगरु" म्हटलं की ती खरंच सरकायला लागली. "तण्णी" म्हणजे पाणी. "सापटाच्चा" म्हणजे जेवण झालं का. हे मी मदुराईत पहिल्याच दिवशी नवऱ्याला विचारणार होते आणि त्याचं तोंड बघणार होते.

यात्रेला नवरा आला तो दीर-जावेसकट टेम्पो घेऊन. मागं भट्टी, गाद्या, तिथली सगळी भांडी. मला कळेना.

"गाळ्याच्या मालकानं जागा मागितली," तो म्हणाला. "आता सांगलीत दुकान टाकायचं. रोज येऊन-जाऊन. तुला मुद्दाम सांगितलं न्हाई, म्हटलं चकित करावं."

गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. "गं बाई, नशीब काढलंस! नवरा कायमचा आला." मी सगळ्यांना पेढे दिले. नवरा आल्याचा आनंद नव्हता असं नाही. पण मला जायचं होतं. तिथल्या खोलीच्या ज्या खिडकीत उभं राहून काढलेले फोटो जाऊ मला शंभरदा दाखवायची, त्या खिडकीत मला उभं राहायचं होतं. आता ती खिडकी कायमची तिचीच राहिली. भरलेली बॅग मी पायानं पलंगाखाली ढकलली.

संध्याकाळी दोघे भाऊ जेवायला बसले. जाऊ भाकरी वाढत होती, मी आमटी. माझं तोंड उतरलेलं नवऱ्याला दिसलं असणार. त्यानं मला काही विचारलं नाही. ताटाकडं बघत जावेला विचारलं, "अवळुक्कु कोवमा?"

ती रागावलीय का?

जाऊ पदराआडून म्हणाली, "इल्ल." नाही.

मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "आमा." हो.

दिराचा घास हातातच राहिला. जावेनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पदर आणखी पुढं ओढला.

"आगं, तू तमिळ कवा शिकलीस?" नवऱ्यानं विचारलं. "आन कशापायी?"

"तुमी न्याल म्हणून," मी म्हणाले.