पंधरा दिवस आधीचा श्रावण

दर जानेवारीत आयर्लंडमधल्या आमच्या डून लेरीत पाऊस आडवा झोडपायला लागला की माझा नवरा लॅपटॉप उघडून बसतो आणि म्हणतो, "काय मग, जायचं ना आपल्या बेटावर?" आपलं बेट! जसं काही बार्बाडोस याच्या पणजोबांना इनाम मिळालं होतं. ऑफिसात, शेजारी, मंडळाच्या गणपतीत, भेटेल त्याला हा तिथली वाळू, तिथलं पाणी आणि तिथलं आमचं ते भाड्याचं बैठं घर ऐकवत असतो. आम्ही चारदा गेलो. पहिल्या तीन वेळा मलाही ते बेट जिवापाड आवडलं होतं. चौथ्यांदा जाऊन आल्यापासून कुणी त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, आणि का फिरतं ते मी नवऱ्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

चौथ्या वेळी आमच्याबरोबर दोन वडीलधारी माणसं होती. पुण्याहून सासूबाई आणि मालवणहून माझे बाबा. दोघांना एकाच उन्हाळ्यात बोलवायचं, म्हणजे एकमेकांना सोबत होईल, ही नवऱ्याची अक्कल. कसली डोंबलाची सोबत! सासूबाईंसमोर अंड्याचा विषयसुद्धा निघत नाही. आणि बाबा? आई गेल्यापासून एकटे राहतात, सकाळी स्वतः बाजारात जातात, माशाचे कल्ले उचकून बघतात, स्वतः साफ करतात, स्वतः रांधतात. ताटात मासा नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणणारा माणूस. पण ते पडले मुलीकडचे. विहीणबाईंसमोर ते पाणीसुद्धा मागून पीत नसत. त्या बसल्या असल्या की हे उभे.

आयर्लंडमधला पहिला महिना मी घरात माशाचं नाव काढलं नाही. माशाचा तवा प्रेसमध्ये, कपाटाला इथे प्रेस म्हणतात, पार मागे ढकलून दिला. बाबा रोज मुकाट्यानं आमटी-भात जेवायचे आणि मग समुद्राकडे फिरायला निघून जायचे. धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या लोकांच्या बादल्यांत डोकावून यायचे. एक दिवस मलाच भरून आलं. म्हटलं, "बाबा, थोडी कळ काढा. बेटावर गेलो की रोज मासे खा. पोटभर. शब्द देते." त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसूच आलं. त्या दिवसापासून ते नातीला, माझ्या लेकीला, विचारत, "गो, थय उडणारो मासो गावता म्हणतत, खरा काय?" आणि ती म्हणे, "येस, आजोबा, लोड्स ऑफ देम!"

विमानतळावर बसलो होतो तेव्हा इथल्या भारतीय बायकांच्या ग्रुपवर मेसेज आला: हॅपी सावन. खाली बेलाची पानं, हिरव्या बांगड्या, ढीगभर नमस्कार. ग्रुपमध्ये बहुतेक लखनौ-जयपूरकडच्या. माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, "अगंबाई, श्रावण लागला की! आता महिनाभर आपण सगळेच शाकाहारी हं, आई. बाबासुद्धा."

का म्हणाले? शहाणपणा मिरवायला, दुसरं काय! एरवी मी श्रावणात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चिकन रोल खाते. पण सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "परदेशात राहूनही पाळतेस हो सगळं." लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि हे पहिलं कौतुक होतं. मी फुगले.

बाबा पलीकडे बसले होते. ते जरासे वाकून हळूच म्हणाले, "अजून आखाड असा गो. अवस व्हायची असा."

"बाबा, पळवाटा काढू नका," मी म्हणाले. ते सरळ होऊन बसले. सासूबाई बॅगेत काहीतरी शोधायला लागल्या.

ते घर सुंदरच आहे, खोटं कशाला बोलू. पुढे ओटा, ओट्यावर झोपाळ्यासारखी खुर्ची, समोर दोन नारळ आणि त्यांच्यापलीकडे पाणी. एसीची खोली सासूबाईंना दिली, दुसरी आम्हाला, आणि बाबा बाहेरच्या सोफ्यावर. "माका खय झोपाचा असा, वारो बरो येता," असं म्हणून ते पहाटेच उठून किनाऱ्यावर जात. त्या वर्षी समुद्रातून तपकिरी शेवाळ ढिगांनी येऊन पडलं होतं आणि त्याचा वास मारत होता. सासूबाई नाकाला पदर लावून आत बसल्या. बाबा मात्र त्या शेवाळात पाय रोवून होड्या ओढणाऱ्यांना हात लावायला जायचे. भाषा येत नाही, पण जाळं कुठे फाटलंय ते बरोबर दाखवायचे.

मालकीणबाई पहिल्याच दिवशी झाकून ताटली घेऊन आल्या. तळलेला उडणारा मासा, बरोबर मक्याच्या पिठाचं भेंडी घालून घोटलेलं गरम गरम काहीतरी. मी त्यांना गोड हसून सांगितलं की आमचा पवित्र महिना चालू आहे. ताटली परत गेली. बाबा ओट्यावरून ती जाताना बघत होते. नंतर त्यांना मागच्या अंगणात नीरफणस दिसला तेव्हा तेवढ्यावर स्वारी खूश झाली. स्वतः काप करून तळले, सासूबाईंना आधी वाढले. सासूबाईंनी दोन घेतले आणि म्हणाल्या, "बरे झालेत. याच कढईत पूर्वी मासे तळले असतील का हो कुणी?" बाबांनी त्यानंतर कापाला हात लावला नाही.

पुढचे दिवस आम्ही काय खाल्लं? मी बॅगेत भरून नेलेलं मेतकूट, मुगाची खिचडी, आणि दुकानात मिळणारा चीज घातलेला मॅकरोनी. बेटावर माणसं मासे खायला जगभरातून येतात आणि आम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी तिथे किनाऱ्यावर मासळीचा मोठा थाट असतो. भट्ट्या पेटलेल्या, गाणी, लांब बाकं, सगळं गाव लोटतं. नवऱ्याला जायचंच होतं, त्याला भाजलेली कणसं आणि रम पुरते. सासूबाईंना मी वाऱ्याच्या बाजूला बसवलं, नारळाचं पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं बघते तर बाबा दिसेनात. लेक म्हणाली, "आजोबा वेंट टू सी द फिश."

शेवटच्या भट्टीपाशी सापडले. भट्टीवरच्या धिप्पाड बाईला ते हातवारे करून सांगत होते की मासा पोटाकडून नाही, पाठीकडून चिरतात आमच्यात, मग मसाला आत जातो. ती खो खो हसत होती. तिनं एक अख्खा मासा केळ्याच्या कापांसह कागदाच्या ताटलीत घालून त्यांच्या हातात दिला. बाबांनी ती नाकाजवळ नेली. डोळे मिटले होते त्यांनी.

मी मागून ओरडले. "बाबा! लाज नाही वाटत? दोन आठवडे जिभेला ताबा ठेवता येत नाही तुम्हाला? या वयात? सगळ्यांसमोर माझं नाक कापायला निघालात!"

आजूबाजूच्यांना मराठी कळत नव्हतं, पण कळलं सगळ्यांना. बाबांनी डोळे उघडले. ताटली दोन्ही हातांनी त्या बाईला परत दिली, नैवेद्य द्यावा तशी. एक घाससुद्धा मोडला नव्हता, तरी नळावर जाऊन त्यांनी हात धुतले. मग येऊन विहीणबाईंच्या बाकाशेजारी उभे राहिले. त्या भट्टीवाल्या बाईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर माझ्या सख्ख्या आईची असती तरी मी इतकी शरमले नसते. पण तेव्हा कुठे शरमले? तेव्हा मी रागातच होते.

परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, कशी झाली सुट्टी? ग्रँड, म्हटलं. बाबा पुढच्या आठवड्यात मालवणला गेले. ते गेल्यावर मी चहाचा डाग पुसायला म्हणून स्वयंपाकघरातली दिनदर्शिका खाली काढली. बाबांनीच गावाहून आणलेली. अमावास्येचा काळा ठिपका आम्ही परतलो त्या दिवसानंतरचा होता. श्रावण त्याच्यापुढे. म्हणजे आम्ही बेटावर होतो ते सगळे दिवस आषाढ होता. त्या ग्रुपवरच्या बायकांकडे उत्तरेत महिना पौर्णिमा झाली की बदलतो, आपल्याकडे अमावास्या झाल्यावर, पंधरा दिवसांनी. आणि ते पंधरा दिवस आमच्या मालवणात मासे-मटण खाऊन घ्यायचे असतात! पोरालाही ठाऊक असतं हे. मला, मालवणात जन्मलेल्या बाईला, ठाऊक नव्हतं. मोबाइलवरच्या बेलाच्या पानांनी मला सांगितलं आणि मी बापाला सांगितलं.

सासूबाई टेबलाशी शेंगा सोलत होत्या. मी दिनदर्शिका त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान वर केली नाही.

"मला माहीत होतं की," त्या म्हणाल्या. "विमानतळावरच. पण म्हटलं चाललंय ते बरंच आहे. घरात वास नको."

मी दिनदर्शिका परत खिळ्याला लावली. त्यांनी फक्त तोंड बंद ठेवलं होतं. उघडलं होतं मी.

डिसेंबरात मी एकटीच मालवणला गेले. पहाटे उठून बाजारातून सुरमई आणली, बाबांच्या पद्धतीनं पाठीकडून चिरली, तिरफळं घालून कालवण केलं, चार तुकड्या कुरकुरीत तळल्या. ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर बसून म्हणाले, "बाबा, चुकलं माझं. तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं. आषाढच होता."

"आखाडच होतो ना," ते म्हणाले. रागावले नव्हते. त्यांनी ताट हळूच माझ्याकडे सरकवलं. "तू खा गो. मिया सोडलंय."

"काय सोडलंत?"

"मासे. काशीक जावन लोक आवडती वस्तू सोडतत मां? मिया तुझ्या त्या बेटार सोडलंय."

आणि ते डाळीचं भांडं आणायला स्वयंपाकघरात गेले. सगळ्या तुकड्या मीच खाल्ल्या, कारण ते शेजारी बसून मला आग्रह करत होते.