कठड्यावरचा घास

नवी मुंबईत पक्षी म्हटलं की लोक फ्लेमिंगोंच्या मागे लागतात. आमच्या नेरूळच्या सोसायटीतले हौशी लोक थंडीत पहाटे उठून, गळ्यात कॅमेरे अडकवून खाडीवर जातात आणि आल्यावर ग्रुपवर गुलाबी ठिपक्यांचे फोटो टाकतात. माझे गुडघे धड असते तरी मी गेले नसते. जो पक्षी आपल्याला ओळखतही नाही, त्याला बघायला एवढी तंगडतोड कशाला?

मला ओळखणारा एक होता. कावळा. हे गेल्यापासून मी रोज दुपारी जेवायच्या आधी बाल्कनीच्या कठड्यावर एक घास ठेवायला लागले. आमच्यात तो पितृपक्षात ठेवतात, रोज नाही. पण एकटीचं पान वाढून घ्यायचं आणि सरळ जेवायला बसायचं, हे काही मला जमेना. त्याच्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं, त्यामुळे तो लगेच ओळखू यायचा. भात आवडीनं खायचा. दुधीची फोड मात्र चोचीत धरून खाली पार्किंगमध्ये टाकून द्यायचा. ह्यांनाही दुधी आवडत नव्हता, पण हे निदान ताटाच्या कडेला ठेवायचे.

मग मी त्याच्याशी बोलायला लागले. गॅस संपला, लिफ्ट बंद आहे, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी पुन्हा झिरपतंय. जन्मभर ज्या हाकेची सवय, तीच तोंडात यायची. अहो. एकदा फोनवर मुलीनं ते ऐकलं.

"आई, बाबा कावळा नाहीयेत गं."

"माहितीये मला. पण दुपारी तू फोन करत नाहीस, तो येतो."

जरा लागेल असंच बोलले होते मी, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दिवाळीच्या कंदिलाची वायर बाल्कनीत तशीच लोंबत राहिली होती. काढायची तर स्टुलावर चढायला हवं, आणि स्टूल धरायला दुसरं माणूस हवं. फेब्रुवारीत त्या वायरीवर शिंजिराच्या मादीनं घरटं बांधायला घेतलं. अंगठ्याएवढा जीव, पण दिवसभर उसंत नाही. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, देवाच्या हारातला दोरा, असलं काहीबाही आणून तिनं एक लोंबती पिशवी विणली. बाजूला दार, दारावर छोटीशी पडवीसुद्धा. तिचा जांभळा, चकाकणारा नवरा ग्रिलवर बसून नुसता गात होता. सगळीकडे हेच, असं म्हणून मी एकटीच हसले.

मी बाल्कनीत कपडे वाळत घालायचं बंद केलं. दार किलकिलं करून आत खुर्ची टाकून बसायचे. चहा गार व्हायचा. पुढे एके सकाळी त्या दारातून दोन चोची बाहेर आल्या, उघड्या, अख्ख्या जगावर रागावलेल्या. कितीतरी महिन्यांनी मला संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही.

आणि मग लक्षात आलं की कावळा आता घास खाऊन जात नाही. बसून राहतो. मान वाकडी करून घरट्याकडे बघतो. त्याला इथे बोलावलं होतं मीच. घास स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून पाहिला. तो तिथे खाऊन पुन्हा बाल्कनीत आला. शेवटी घासच बंद केला.

शेजारची सून पीठ मागायला आली होती, तिला हे सांगितलं. ती चरकलीच. "काकू, असं नका ना करू. कावळा उपाशी जाणं बरं नाय. मला तर ऐकूनच टेन्शन आलं."

"आणि पिल्लं गेली तर चालतील?"

"तसं नाय हो, पण काकांचं..." पुढचं तिनं गिळलं. पुढचं मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मादीचा नुसता कल्लोळ ऐकू आला. धावत गेले. कावळा कठड्यावरून उडून कपड्यांच्या दांडीवर आला होता, घरट्यापासून हातभर अंतरावर. मी कोपऱ्यातला झाडू उचलला. हाड म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते, "अहो, जा इथून! पुन्हा येऊ नका!"

झाडू दांडीवर आपटला. त्याला लागला नाही. तो उडाला आणि पुन्हा आला नाही. मी आत येऊन रडले. त्या दिवशी जेवलेच नाही.

पिल्लं वाढली, घरट्यात मावेनाशी झाली. एका सकाळी पहिलं वायरीवर आलं, थरथरलं, आणि समोरच्या सोनमोहरावर जाऊन आदळल्यासारखं बसलं. मागोमाग दुसरं. आई त्यांच्याभोवती ओरडत फिरत होती. मला आनंदानं काही सुचेना. कुणाला तरी सांगावं म्हणून मुलीला फोन लावला. मीटिंगमध्ये आहे, असा मेसेज आला.

झाडाच्या शेंड्यावर तीन-चार कावळे होते. त्यांतला आपला कोणता, एवढ्या लांबून ओळखता येईना. मी कठडा धरून, खाली वॉचमनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "अहो, उडाली हो दोघंही. या आता."

कोणी आलं नाही.