एकट्याने उजळणारा जिवाणू

हेमांगीताई टपके रविवारी कुणाकडे जेवायला जात नसत. मरोळच्या आमच्या लॅबमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी कित्येक वर्षं काम करतोय. आईच्या सांगण्यावरून मी त्यांना दहिसरला आमच्या घरी किती वेळा बोलावलं असेल, देव जाणे. उत्तर ठरलेलं असायचं.

"नको रे सर्वेश. तुम्ही मालवणी लोक कालवणात एवढा नारळ घालता की मासळी शोधावी लागते."

वेसाव्याच्या कोळ्याच्या मुलीशी मासळीवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण मला राग यायचा. माझ्या आईने हौसेने पापलेट आणावं आणि या बाईने नारळाचं निमित्त काढून फ्लॅटमध्ये एकटीने खिचडी खावी, हे काही मला पटायचं नाही.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. एकुलता भाऊ मस्कतला स्थायिक झालेला. शेवटची काही वर्षं आई त्यांच्याजवळ राहायला होती, तीही गेल्या पावसाळ्यात गेली. नंतर एकदा काही कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तर हॉलमधल्या खुर्चीत आईची गोधडी तशीच पसरलेली. मी बसायला गेलो तर म्हणाल्या, "तिथे नको."

"ताई, धुवा की ती. सुकटीचा वास येतोय."

"धुईन," त्या म्हणाल्या आणि मला दुसरी खुर्ची दिली.

ताईंचं सारं आयुष्य एका जिवाणूत गेलं. शिळ्या माकूलवर, म्हणजे स्क्विडवर, अंधारात कधीकधी निळसर उजेड दिसतो, तो या जिवाणूंचा. उजेड पाडणारी जनुकं प्रत्येकात असतात, पण ती उठसूट वाचली जात नाहीत. प्रत्येक जिवाणू बाहेर एक बारीकसा रेणू सोडत राहतो. गर्दी वाढली की तो रेणूही साठतो, आतल्या एका प्रथिनाला चिकटतो, मग ते प्रथिन डीएनएवर जाऊन बसतं आणि उजेडाची जनुकं वाचायला सुरुवात होते. थोडक्यात, आपल्यासारखे पुष्कळ जण जवळ आहेत अशी खात्री पटल्याशिवाय गडी दिवा लावत नाही.

वेसाव्याच्या बाजारातल्या माकूलवरून ताईंनी एक जिवाणू मिळवला होता, तो मात्र एकटा असला तरी उजळायचा. त्यावरचा लेख छापून आला, नाव झालं. परदेशात दोन ठिकाणी तो प्रयोग कुणाला जमला नाही, तेव्हा ताई म्हणाल्या, "त्यांना हात नाही." परिषदेत कुणीतरी हमखास विचारायचं, हा इतरांसारखा का वागत नाही? ताई मान ताठ करून सांगायच्या, "नाही लागत त्याला कुणी."

निवृत्तीच्या आधी त्यांना याच जिवाणूवरचा शेवटचा लेख पाठवायचा होता. एक प्रयोग पुन्हा करायचा राहिला होता आणि नेमकं आईचं वर्षश्राद्ध आलं. त्या वेसाव्याला गेल्या, काम माझ्याकडे आलं.

काम सोपं. जिवाणू ज्या खारट द्रावणात वाढतात, त्याला आम्ही लॅबमध्ये सूप म्हणतो. नळी यंत्रात गरागरा फिरवली की जिवाणू तळाशी बसतात. जुनं सूप ओतून द्यायचं, ताजं घालायचं, म्हणजे जिवाणू धुतले जातात, आणि त्यातले अगदी थोडे जिवाणू घेऊन अंधाऱ्या खोलीत बघायचं. मी माझ्या सवयीने ते तीनदा धुतले. नळ्या काळ्याच राहिल्या. पुन्हा केलं, तरी काळ्याच.

शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ होता. मी गप्प बसलो असतो तर लेख गेलाही असता. पण त्या परत आल्या तेव्हा मी सरळ सांगून टाकलं.

"तू घोळ घातलास," त्या म्हणाल्या. "चल, माझ्यासमोर कर."

आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी माझ्या पद्धतीने धुतले, त्यांनी त्यांच्या. जुनं सूप ओतताना त्यांचा हात मध्येच थांबला. तळाशी नखभर शिल्लक होतं.

"ताई, ते पण ओता ना."

"थोडं ठेवायचं. एकदम सगळं नवं घातलं की दचकतात ते. आय मासळी खारवताना मिठाचं जुनं पाणी तळाला थोडं ठेवायचीच, नाहीतर…"

त्या हातातल्या नळीकडे बघत राहिल्या.

अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर त्यांच्या नळ्या निळ्या दिसल्या, माझ्या काळ्या. ताईंनी जुनं सूप गाळून घेतलं, म्हणजे त्यात एकही जिवाणू राहिला नाही. त्याचा एक थेंब त्यांनी माझ्या नळीत टाकला. दुसरा थेंब गर्दीशिवाय न उजळणाऱ्या साध्या जिवाणूंच्या नळीत. आम्ही थांबलो. साधे जिवाणू काळेच राहिले. माझी नळी मात्र हळूहळू निळी झाली.

म्हणजे ताईंचा जिवाणू एकटा उजळत नव्हता. निघून गेलेल्या गर्दीचा जो अंश पाण्यात उरला होता, तो इतरांच्या गावीही नव्हता. याला तेवढाच पुरत होता. शोध खोटा नव्हता, पण ताईंनी इतकी वर्षं सांगितला तो हा नव्हे.

मी दाराकडे वळलो.

"उघडू नकोस लगेच," त्या म्हणाल्या. मग अंधारातूनच आवाज आला, "सगळ्यात जास्त यालाच लागतं रे कुणीतरी."

त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

शुक्रवारी शाल-श्रीफळ घेऊन त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझा तो लेख चुकीचा आहे. मी तो मागे घेतेय." मागे कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या, मग मध्येच थांबवल्या. खाली उतरताना श्रीफळ त्यांनी माझ्या हातात दिलं. "आईला दे. तुमच्याकडे लागतात."

त्यानंतर त्या फोन उचलेनात. मी दोन आठवडे वाट पाहिली, मग चिडून थेट घरी गेलो. त्यांनी दार उघडलं. हॉलमधली खुर्ची मोकळी होती. गोधडी बाल्कनीतल्या दोरीवर होती, अजून ठिबकत होती. खाली बादलीत गढूळ पाणी.

"धुतलीत?"

"सकाळी. तीन पाण्यांतून काढली." त्या दोरीजवळ गेल्या, गोधडीचं टोक नाकाशी धरलं आणि सोडून दिलं. "साबणाचा वास येतोय नुसता. आता घरात खरंच कुणी नाही रे, सर्वेश."

मी त्या मोकळ्या खुर्चीत बसलो. या वेळी त्यांनी मला उठवलं नाही. चहा टाकायला त्या आत गेल्या. मग आतूनच त्यांनी विचारलं,

"रविवारी तुमच्याकडे जेवायला किती वाजता बसतात?"

"एकला."

"येते. आईला सांग, नारळ कमी."