न गेलेला मेल

दौंडला मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे आणि उरलेल्या वेळात लोकांची मशीन दुरुस्त करायचे. रेल्वे कॉलनीजवळ राहणारे एक निवृत्त गार्ड माझं नेहमीचं गिऱ्हाईक. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी बंगळूरला नोकरीला. तिला तिथल्याच एकाशी लग्न करायचं होतं, मुलगा जातीबाहेरचा. फोनवर कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून बाप-लेक फक्त मेलवर बोलत.

एका सकाळी आप्पा क्लासवर आले. दाढी वाढलेली.

"पोरी, मेल बंद पडलाय. अकरा दिवस झाले, तिचं कायच न्हाई. लई रागावली आसंल का?"

मी त्यांच्या घरी गेले. इंटरनेट लागलं, वेबसाइटी उघडल्या. मेलचा प्रोग्रॅम मात्र सर्व्हरला जोडलाच जाईना. पासवर्ड बरोबर, बाकीची सेटिंगही बरोबर. मग मी डीएनएस तपासलं, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था. तिनं एक पत्ता दिला आणि आप्पांचं मशीन जात होतं भलत्याच पत्त्यावर.

मागे डीएनएस सारखं अडायचं, तेव्हा मीच सर्व्हरचा पत्ता मशीनमधल्या एका फाइलीत हातानं लिहून ठेवला होता. आता मेलच्या कंपनीनं सर्व्हर बदलला होता, आणि माझी ती ओळ तशीच होती.

"आप्पा, चूक माझी आहे," मी म्हटलं आणि ओळ पुसली. "आता चालू होईल. तुमचं अडकलेलंही जाईल."

"थांब. माझं काय अडकलंय?"

मी दाखवलं. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी रागाच्या भरात पाठवलेला मेल गेलाच नव्हता. इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं टाइप केलेली मराठी. मी तोंड फिरवलं, पण पहिली ओळ दिसलीच: तुझा बाप मेला असं समज.

"म्हंजी तिनं हे वाचलंच न्हाई?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "पुसता येतं का?"

कुठलं बटण ते मी सांगितलं. त्यांनी स्वतःच दाबलं. मग मी मेल मागवले. तिचे तीन आले. शेवटचा एवढाच होता: आप्पा, बरे आहात ना? फोन करू का?

तेव्हा इंटरनेट फोनच्याच लाइनीवरून चालायचं, फोनसाठी ते बंद करावं लागायचं. मी ते तोडलं आणि लाइन मोकळी करून दिली. आप्पांनी नंबर फिरवला.

"मशीन बिघडलं हुतं गं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "त्याला घेऊन ये एकदा. बघू तरी."

लग्न काही लगेच ठरलं नाही. मुलगा दोनदा येऊन गेला, आप्पा त्याच्याशी तुटकच वागले. पुढच्या वर्षी मात्र दौंडलाच लग्न झालं. तिथं मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या अकरा दिवसांत नक्की काय झालं होतं?"

"सेटिंगमध्ये माझी चूक झाली होती," मी म्हटलं. बाकीचं सांगितलं नाही.