ताणलेल्या वायरी

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. स्टीलची वायर ताणायला घेतली की आजूबाजूची माणसं जमतात, आणि नुसतं बघत उभं राहणं त्यांना काही जमत नाही.

काम साधं. वादळवाऱ्यात शेड कलू नये म्हणून खांबांना तिरक्या वायरी बांधायच्या, त्यांची टोकं काँक्रीटमधल्या अँकरला अडकवायची आणि पेच फिरवून ताण द्यायचा. मी सुपरवायझर, सलीमभाई फिटर. काय करता, असं कोणी विचारलं तर ते म्हणतात, “दिवसभर ताणतो.” त्यांची बायको म्हणते, “घरी येऊन पण तेच.”

*

नागावला एका होमस्टेची जेवणाची शेड होती. दर्शनी बाजूला दोन वायरी एकमेकींना छेदून लावल्या. मालकीणबाई बाहेर आल्या आणि थबकल्या.

“ही फुली कशाला मारलीत? गिऱ्हाईकाला वाटेल बंद झालं.”

“वहिनी, फुली वाऱ्यासाठी हाय,” सलीमभाई म्हणाले.

“वाऱ्याला वाचता येतं?”

पुढच्या वेळी गेलो तर फुलीवर रंगीत दिवे आणि खाली पाटी: ‘सेल्फी पॉइंट’. मग शेजारच्या होमस्टेवाल्याचा फोन आला. त्याची शेड भक्कम होती. त्याला फक्त फुली पाहिजे होती.

*

थळला मासळी सुकवायच्या शेडला वायरी बांधून आम्ही जेवायला गेलो. परत येतो तर वायरी दिसेनात. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील! शेडवाल्या जनामावशी शेवटचा अडकवत होत्या.

“मावशी, हे वजन आम्ही हिशेबात धरलेलं नाही,” मी म्हणालो.

“बोंबलाला कसलं वजन?”

तेवढ्यात सलीमभाईंनी सवयीनं ताण बघायला वायरीवर हात मारला. वायर झणाणली आणि निम्मे बोंबील माझ्या अंगावर. मावशींनी ते हेल्मेटवरून, खांद्यावरून वेचून घेतले आणि विचारलं, “लागलं काय?”

“नाही.”

“मग? वजन न्हायच.”

*

दिघीला इब्राहिमकाकांची जुनी शेड धाकट्या भावाच्या, हसनचाचांच्या, स्वयंपाकघरावर कलली होती. भावाभावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. शेड पडली असती तर चाचींच्या चुलीवरच.

एक वायर काकांच्या बाजूनं शेड मागे ओढणार होती. शेड तिकडे जास्त जाऊ नये म्हणून दुसरी वायर इकडून हवी, आणि तिचा अँकर हसनचाचांच्या अंगणात. आम्ही विचारायला गेलो.

“त्याची शेड मी कशाला धरू?”

सलीमभाईंनी समजावलं, “चाचा, ही वायर तुमच्याकडं ओढते.”

“म्हणजे तो तिकडनं ओढणार, मी इकडनं?”

“व्हय.”

चाचा विचारात पडले. “मग त्याच्यापेक्षा मोठा अँकर बसवा.”

हे काकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी आपला अजून मोठा मागितला. शेवटी दोन्हीकडे फेरीबोट बांधता येईल असे अँकर बसले. शेड सरळ झाली.

पावसाळ्यानंतर काकांचा फोन आला. “लवकर या, वायर सैल झालीय.”

धावत गेलो. काका त्यांच्या पेचापाशी पाना धरून उभे, चाचा त्यांच्या.

“मी दिला एक फेरा. आता तू दे,” काका ओरडले.

“दिला. आता तू.”

आम्हाला बघून काका म्हणाले, “तुमचं काय काम न्हाय. जा तुम्ही.”

पाना न सोडता चाचा भावाला म्हणाले, “चहा घेऊन जा म्हणावं त्यांना.”